एम ३ आणि एम १३ : बहुरंगी प्रकाशमापनाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

प्रकल्पासाठी एम ३ आणि एम १३ ही गोलाकार तारकागुच्छांची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या लाखो ताऱ्यांच्या गोळ्यांची, जोडी आज निश्चित केली. आधी ओमेगा सेंटॉरीचा विचार होता. मुख्य श्रेणी (रंग आणि तेज यांच्या आलेखात गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची रेषा) दुभंगलेली असल्याचे २००४ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले ते याच गुच्छात, आणि त्याच्यावर अभ्यासही विपुल झाला आहे. पण ओमेगा सेंटॉरीत लोहाचे प्रमाणच ताऱ्यागणिक बदलते. त्यामुळे रंगातला एखादा फरक लोहामुळे पडला, हेलियममुळे की नायट्रोजनमुळे, हे वेगळे काढणे फार अवघड होते. शिवाय पुण्याहून तो गुच्छ दक्षिण क्षितिजावर जेमतेम २४ अंश वर येतो. पुढेमागे स्वतः निरीक्षण करायचे ठरले, तर तेवढ्या उंचीवर अतिनीलच्या जवळचा प्रकाश वातावरणातच बराचसा गळून जाईल.

एम ३ (शामशबल तारकासमूह) आणि एम १३ (शौरी तारकासमूह) यांच्या बाबतीत या अडचणी नाहीत. दोघांतही लोहाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे १/३२ ते १/३४, म्हणजे लघुगणकी मापात अनुक्रमे −१.५० आणि −१.५३ आहे. दोघेही आकाशगंगेच्या प्रतलापासून दूर असल्यामुळे वाटेत धूळ नगण्य आहे आणि दोघांचे वयही जवळपास सारखेच आहे. असे असूनही तांबड्या राक्षसी अवस्थेनंतर गाभ्यात हेलियम जाळणारे तारे ज्या शाखेवर येतात, ती क्षितिजसमांतर शाखा दोन्ही गुच्छांत अगदी वेगळी दिसते. एम ३ मध्ये ती तांबड्या टोकापासून निळ्या टोकापर्यंत सलग भरलेली आहे आणि तिच्या मध्यभागी आरआर लायरी प्रकारचे दोनशेहून अधिक रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारे, तारे आहेत. एम १३ मध्ये जवळजवळ सगळे तारे निळ्या बाजूला ढकललेले आहेत आणि आरआर लायरी तारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शाखेचा कल मोजण्याच्या −१ ते +१ या प्रचलित निर्देशांकावर एम ३ ची किंमत ०.०८ आहे, तर एम १३ ची ०.९७.

धातूंचे प्रमाण हा पहिला घटक मानला, तर हा फरक घडवणारा दुसरा घटक कोणता, हा प्रश्न १९६० च्या दशकापासून विचारला जात आहे. एकाच गुच्छात वेगवेगळ्या रासायनिक घडणीचे तारे असतात, हे बहुरंगी प्रकाशमापनातून, म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरांतून ताऱ्यांचे तेज मोजून, दाखवता येते. तोच धागा पकडून या जुन्या प्रश्नाचा किती भाग सुटतो आणि किती उरतो, हे पाहणे हा प्रकल्पाचा हेतू आहे.

१९ जून २०२४

स्वतःची निरीक्षणे घ्यायची नाहीत असे ठरले. एम १३ मध्यरात्री डोक्यावर येतो तो जूनच्या सुरुवातीला, म्हणजे नेमका पश्चिम महाराष्ट्रात पाऊस दाखल होण्याच्या सुमारास. फेब्रुवारी ते मे या काळात रात्रीच्या उत्तरार्धात त्याची निरीक्षणे घेता येतात, परंतु पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरावली वेधशाळेतील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर वेळ मिळाला, तरी या कामाला लागणारी यू या अतिनीलजवळच्या फिल्टरमधली अचूकता एका हंगामात साधणे कठीण आहे. सगळ्यांसाठी खुली असलेली माहिती पुरेशी आहे, आणि तिचेच नीट विश्लेषण करणे अधिक शहाणपणाचे.

तीन स्रोत ठरले. पहिला म्हणजे पीटर स्टेटसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली ४८ गोलाकार गुच्छांची यू, बी, व्ही, आर, आय या (अतिनीलजवळपासून अवरक्ताजवळपर्यंतच्या) पाच फिल्टरांमधली सूची, जी जमिनीवरील अनेक दुर्बिणींच्या अनेक वर्षांच्या प्रतिमा एकाच मापावर आणून तयार केलेली आहे. दुसरा स्रोत हबल दुर्बिणीने केलेले अतिनील सर्वेक्षण. त्यात २७५, ३३६ आणि ४३८ नॅनोमीटरच्या आसपासचे तीन फिल्टर असून त्यांना आधीच्या सर्वेक्षणातल्या ६०६ आणि ८१४ नॅनोमीटरच्या मोजमापांची जोड दिलेली आहे. तिसरा स्रोत ताऱ्यांची स्थाने आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाची १३ जून २०२२ रोजी खुली झालेली तिसरी सूची.

जमिनीवरून आणि अवकाशातून केलेली अशी दोन्ही मोजमापे घेण्याचे कारण क्षेत्राच्या आकारात आहे. हबलच्या कॅमेऱ्याची चौकट सुमारे २.७ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) रुंद आहे, तर ज्या वर्तुळात गुच्छाचा निम्मा प्रकाश सामावतो त्याची त्रिज्या एम ३ साठी सुमारे २.३ कला आणि एम १३ साठी १.७ कला आहे. म्हणजे हबल गाभा पाहते, बाहेरचा मोठा पसारा तिच्या चौकटीबाहेर राहतो. जमिनीवरच्या दुर्बिणीचे नेमके उलटे होते. बाहेरचे तारे तिला सुटे दिसतात, गाभ्यात मात्र एकावर एक तारे चढतात.

३ जुलै २०२४

गाया सूचीवरून सदस्यत्व ठरवण्याचे काम झाले. दोन्ही गुच्छांच्या केंद्राभोवतीचे ३० कलांपर्यंतचे तारे घेतले आणि त्यांच्या निजगतीचे, म्हणजे आकाशात दरवर्षी होणाऱ्या सरकण्याचे, आलेख काढले. एम १३ चा पुंजका पूर्व–पश्चिम दिशेत दरवर्षी −३.१५ आणि उत्तर–दक्षिण दिशेत −२.५७ मिलिविकलांजवळ घट्ट बसलेला दिसतो. एम ३ चा पुंजका −०.१५ आणि −२.६७ जवळ आहे. एम ३ ची पूर्व–पश्चिम गती जवळजवळ शून्य असल्यामुळे आपल्या आकाशगंगेतले दूरचे तारे त्याच्यात मिसळण्याची भीती होती. परंतु तो आकाशगंगेच्या उत्तर ध्रुवापासून अवघ्या अकरा-बारा अंशांवर असल्यामुळे त्या दिशेला परके तारेच विरळ आहेत आणि उत्तर–दक्षिण गतीवरून ते सहज बाजूला काढता येतात.

सर्व ताऱ्यांना एकच मर्यादा लावणे बरोबर ठरले नसते. गायाची निजगतीतली अनिश्चितता पंधराव्या प्रतीपर्यंत (प्रत हे तेजाचे माप, आकडा मोठा तितका तारा मंद) वर्षाला ०.०२ ते ०.०३ मिलिविकला असते आणि विसाव्या प्रतीला ती ०.५ पर्यंत जाते. दुसरीकडे गुच्छातल्या ताऱ्यांच्या आपापसातल्या गतींचा पसारा एम १३ च्या अंतरावर वर्षाला पाव मिलिविकलेच्या आसपास दिसेल. त्यामुळे तेजस्वी ताऱ्यांसाठी मर्यादा या खऱ्या पसाऱ्यावरून आणि मंद ताऱ्यांसाठी मोजमापातल्या अनिश्चिततेवरून ठरवली. पराशयाचा (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचे जे किंचित सरकणे दिसते आणि ज्यावरून अंतर कळते, त्याचा) उपयोग फक्त जवळचे परके तारे वगळण्यापुरता केला. एम ३ चे पराशय एक दशांश मिलिविकलेच्या घरातले आहे, आणि एकेका ताऱ्याच्या बाबतीत त्यावरून अंतराविषयी काही ठरवता येत नाही.

१२ जुलै २०२४

गायाच्या स्वतःच्या निळ्या आणि तांबड्या मापांवरून रंगांक (दोन फिल्टरांमधल्या प्रतींतला फरक) काढून पाहिला. गाभ्याजवळ तो निरुपयोगी आहे. ही मापे सुमारे ३.५ गुणिले २.१ विकलांच्या खिडकीत येणारा सगळा प्रकाश एकत्र मोजतात आणि गाभ्यात तेवढ्या खिडकीत शेजारचे तारे हटकून येतात. गायाकडून फक्त स्थान आणि गती घ्यायची, रंग स्टेटसन आणि हबल यांच्याकडून.

२६ जुलै २०२४

व्ही प्रत आणि बी−व्ही रंगांक यांचे आलेख दोन्ही गुच्छांसाठी काढले आणि एकावर एक ठेवले. एम ३ चा असा आलेख अॅलन सँडेज यांनी १९५३ मध्ये पालोमारच्या छायापट्ट्यांवरून काढला होता, आणि मुख्य श्रेणीच्या वळणाच्या (जिथून तारे राक्षसी अवस्थेकडे वळतात त्या जागेच्या) वर डावीकडे राहिलेले निळे मागासलेले तारे पहिल्यांदा लक्षात आले तेही त्याच आलेखात. आमच्या आलेखात ते स्वच्छ दिसतात, पण प्रकल्पाचा तो विषय नाही.

एकावर एक ठेवण्यासाठी अंतरातला फरक दुरुस्त करावा लागतो, आणि हीच पायरी वाटते तेवढी सरळ नाही. गोलाकार गुच्छांच्या हॅरिस यांच्या सूचीप्रमाणे एम ३ चा व्ही मधला अंतरामुळे पडणारा प्रतीचा फरक (दिसणारी प्रत वजा मूळ प्रत) १५.०७ आणि एम १३ चा १४.३३ आहे, म्हणजे एम १३ चा आलेख ०.७४ प्रतीने खाली सरकवायला हवा. परंतु बाउमगार्ट आणि वासिलिएव्ह यांनी २०२१ मध्ये गायासह अनेक पद्धतींची सांगड घालून एम ३ साठी १०.१८ आणि एम १३ साठी ७.४२ किलोपार्सेक ही अंतरे दिली आहेत. त्यांत धुळीची दुरुस्ती धरली की फरक ०.६६ येतो. उरलेल्या ०.०८ प्रतीचे मूळ एम १३ च्याच स्वभावात आहे. अंतर काढण्याची जुनी रीत क्षितिजसमांतर शाखेच्या सपाट भागाची प्रत मोजण्याची आहे, आणि एम १३ च्या शाखेला असा सपाट भाग जवळजवळ नाहीच. तिचे तारे निळ्या टोकाला जाऊन व्ही मध्ये झपाट्याने खाली उतरतात.

यात एक तर्काचा फेराही आहे. एम १३ मधल्या शाखेवरच्या ताऱ्यांत हेलियम अधिक असेल, तर त्याच रंगाचे ते तारे मुळातच थोडे अधिक तेजस्वी असतील. मग शाखा जुळवून अंतर काढायचे आणि त्या अंतरावरून हेलियमविषयी निष्कर्ष काढायचा, हे उत्तर आधीच गृहीत धरण्यासारखे झाले. म्हणून आम्ही ०.६६ हा फरक स्वीकारला आणि शाखेला हात न लावता मुख्य श्रेणीचे वळण आणि त्याच्या पुढची उपराक्षसी शाखा यांच्यावर तो तपासला.

वळणाची जुळणी वयाबद्दलही सांगते. २००१ मधल्या एका अभ्यासात एम १३ हा एम ३ पेक्षा सुमारे १.७ अब्ज वर्षांनी म्हातारा निघाला होता आणि तेवढ्याने शाखेतला फरक बराचसा समजावता आला असता. व्हॅन्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हबलच्या मोजमापांवरून एम ३ चे वय ११.७५ आणि एम १३ चे १२.०० अब्ज वर्षे काढले. आमच्या आलेखांतही वळणे इतकी जवळ बसतात की वयाला मुख्य दोषी धरणे मला पटत नाही.

९ ऑगस्ट २०२४

बी−व्ही आलेखात तांबड्या राक्षसी ताऱ्यांची शाखा दोन्ही गुच्छांत एकाच बारीक रेषेसारखी दिसते. तेवढ्यावरून सगळे तारे एकाच घडणीचे आहेत असेच कोणीही म्हणेल, आणि कित्येक दशके तसे म्हटलेही जात होते. एम १३ मधल्या काही राक्षसी ताऱ्यांत ऑक्सिजन कमालीचा कमी आणि सोडियम जास्त असल्याचे वर्णपटांवरून १९९० च्या दशकातच माहीत झाले होते, परंतु वर्णपट एकेका ताऱ्याचा घ्यावा लागतो आणि तोही मुख्यतः तेजस्वी ताऱ्यांचा. हजारो ताऱ्यांची घडण एकदम पाहायची तर ती रंगांतूनच पाहावी लागते, आणि त्यासाठी फिल्टर नेमके कुठे ठेवायचे हे रेणू ठरवतात.

थंड ताऱ्यांच्या वातावरणात नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा एनएच रेणू ३३६ नॅनोमीटरच्या जवळ प्रकाश शोषतो, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा ओएच रेणू त्याहून लघु तरंगलांबीला, म्हणजे २७५ नॅनोमीटरचा फिल्टर जिथे आहे त्या भागात, आणि कार्बनचे सीएन व सीएच हे रेणू ३८८ आणि ४३० नॅनोमीटरच्या आसपास. गुच्छातली पहिली पिढी म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन नेहमीसारखे, नायट्रोजन कमी. दुसऱ्या पिढीत कार्बन आणि ऑक्सिजन घटलेले, नायट्रोजन व सोडियम वाढलेले आणि हेलियमही थोडे चढलेले असते. त्यामुळे एकाच तापमानाच्या आणि एकाच तेजाच्या दोन ताऱ्यांपैकी दुसऱ्या पिढीचा तारा ३३६ च्या फिल्टरमध्ये मंद दिसतो, तर २७५ आणि ४३८ च्या फिल्टरांत किंचित उजळ. व्ही आणि आय या फिल्टरांत हे रेणू जवळजवळ काही करत नाहीत, म्हणूनच तिथे दोघे एकाच रेषेवर बसतात.

३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ओझोनचा थर जमिनीपर्यंत पोहोचूच देत नाही, म्हणून २७५ चा फिल्टर हबलसारख्या अवकाशातल्या दुर्बिणीवरच शक्य आहे. जमिनीवरून आपल्या हाती राहतो तो यू. त्याच्या पट्ट्यात एनएच येतो आणि सीएनचाही भाग येतो, म्हणजे नायट्रोजनची खूण त्यात आहे, पण ऑक्सिजनची जवळजवळ नाही. त्यातही हवेच्या एका पूर्ण जाडीतून येताना यू मधला प्रकाश सुमारे अर्ध्या प्रतीने घटतो, व्ही मधला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. रात्रभरात हवा थोडी बदलली तरी तिचा सर्वांत मोठा फटका नेमका आपल्याला हव्या असलेल्या फिल्टरला बसतो. अनेक वर्षांच्या प्रतिमा एकत्र करणाऱ्या सूचीवर विसंबण्याचे हेच खरे कारण आहे.

२३ ऑगस्ट २०२४

मोनेल्ली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुचवलेला (यू−बी)−(बी−आय) हा संयुक्त रंगांक दोन्ही गुच्छांसाठी काढला. त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. नायट्रोजन वाढला की यू मंद होतो आणि यू−बी वाढतो. हेलियम वाढला की तारा किंचित तापतो आणि बी−आय कमी होतो. एकातून दुसरा वजा केल्यामुळे हे दोन्ही परिणाम एकाच दिशेला बेरजेसारखे जमा होतात, आणि तापमानातल्या साध्या फरकामुळे येणारा उतार बऱ्याच अंशी निघून जातो.

बी−व्ही मध्ये बारीक असलेली रेषा या रंगांकात दोन्ही गुच्छांत पसरट पट्टा होते. मार्गदर्शक मॅडमनी हा पसारा मोजमापातल्या दोषांचा नाही हे आधी सिद्ध करा असे सांगितले, ते योग्यच आहे. त्यासाठी एम १३ मधल्या, केंद्रापासून दूर असलेल्या आणि आसपास शेजारी नसलेल्या राक्षसी ताऱ्यांच्या जोड्या निवडल्या. त्यांतली एक जोडी इथे नोंदवतो. दोन्ही तारे व्ही मध्ये पंधराव्या प्रतीच्या जवळचे, बी−व्ही आणि व्ही−आय दोन्ही रंगांक अनिश्चिततेच्या मर्यादेत तंतोतंत सारखे, निजगतीवरून दोघेही गुच्छाचे सदस्य. तरीही यू मधली त्यांची प्रत एक दशांशाहून थोडी अधिक वेगळी आहे, जी त्या फिल्टरमधल्या अनिश्चिततेच्या कित्येक पट भरते. धुळीतल्या चढउताराने असे होऊ शकत नाही. तेवढी धूळ असती तर व्ही−आय मध्येही खूण उमटली असती, आणि एम १३ च्या दिशेला धुळीमुळे येणारी बी−व्ही मधली एकूण लालीच ०.०२ प्रत आहे. अशा जोड्या आणखीही मिळतात. म्हणजे पट्टा खरा आहे.

मात्र या पट्ट्यावर रेघ ओढून ‘इकडचे पहिल्या पिढीचे, तिकडचे दुसऱ्या पिढीचे’ अशी मोजणी करण्याइतका तो दुभंगलेला नाही. जमिनीवरच्या मोजमापाची ही मर्यादा आहे.

६ सप्टेंबर २०२४

गाभ्यातल्या गर्दीसाठी गुणवत्तेचे निकष ठरवले. स्टेटसन यांच्या डाओफॉट या १९८७ मधल्या आज्ञावलीत प्रत्येक ताऱ्याच्या प्रतिमेवर बिंदुवत प्रकाशस्रोताचा नमुना बसवला जातो, आणि तो किती चांगला बसला हे सांगणारे आकडे सूचीत असतात. एम १३ च्या गाभ्यातला एक ‘तारा’ जमिनीवरच्या सूचीत थोडा निळसर राक्षसी तारा म्हणून नोंदलेला आहे. हबलच्या प्रतिमेत ०.०४ विकलेच्या पिक्सेलवर त्याच जागी एक राक्षसी तारा आणि त्याला जवळजवळ चिकटलेला क्षितिजसमांतर शाखेवरचा निळा तारा असे दोन स्पष्ट ठिपके दिसतात. व्ही मध्ये निळ्या ताऱ्याचा वाटा थोडा, यू मध्ये मोठा, त्यामुळे एकत्रित ताऱ्याचा संयुक्त रंगांक नेमका पहिल्या पिढीच्या बाजूला सरकतो. एम १३ मध्ये निळे तारे भरपूर असल्यामुळे ही भेसळ तिथे एम ३ पेक्षा जास्त होणार, आणि दोन गुच्छांच्या तुलनेत ती खोटा फरक निर्माण करणार. म्हणून केंद्रापासून एका ठरावीक त्रिज्येच्या आतले जमिनीवरचे मोजमाप दोन्ही गुच्छांसाठी सरसकट वगळले.

२४ सप्टेंबर २०२४

हबलच्या पाच फिल्टरांवरून मिलोने आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५७ गुच्छांसाठी काढलेल्या ‘गुणसूत्र नकाशा’च्या पद्धतीने दोन्ही गुच्छांचे नकाशे काढले. आडव्या अक्षावर २७५ आणि ८१४ च्या प्रतींमधला फरक, उभ्या अक्षावर २७५, ३३६ आणि ४३८ यांचा संयुक्त रंगांक. दोन्ही राक्षसी शाखेच्या कडांच्या सापेक्ष मोजलेले असतात, म्हणजे शाखेचा वक्रपणा निघून जातो आणि ताऱ्यांच्या घडणीतला फरक उरतो. पहिल्या पिढीचे तारे खाली मूळबिंदूजवळ जमतात. दुसऱ्या पिढीचे तारे वर, नायट्रोजनच्या दिशेने चढत जातात आणि हेलियम जास्त असलेले डावीकडे सरकतात.

जमिनीवरून जो सलग पट्टा दिसत होता तो इथे तुटतो. दोन्ही गुच्छांत खालचा पुंजका आणि वरचा लांबट पुंजका यांच्यामध्ये स्पष्ट दरी आहे. प्रसिद्ध मोजणीनुसार पहिल्या पिढीचे तारे एम ३ मध्ये सुमारे ३० टक्के आणि एम १३ मध्ये सुमारे १८ टक्के आहेत. आमच्या नकाशात दरीची जागा थोडी इकडेतिकडे धरली तरी एम १३ मध्ये पहिली पिढी कमी हे बदलत नाही.

दुसरी ठळक गोष्ट एम ३ च्या पहिल्या पिढीची. ती एका बिंदूभोवती गोळा न होता आडव्या दिशेला चांगलीच लांबलेली आहे. नायट्रोजन सारखाच असून रंग बदलतो, म्हणजे कारण दुसरे काहीतरी असायला हवे. सुरुवातीला हेलियमवर बोट ठेवले गेले होते, परंतु पहिल्या पिढीत फक्त हेलियम वाढण्याची समाधानकारक यंत्रणा कुणाला सुचवता आली नाही. अलीकडच्या कामांमध्ये लोहाच्या प्रमाणातला अगदी बारीक फरक हे कारण अधिक मान्य झालेले दिसते. ‘एकाच धातुप्रमाणाचे दोन गुच्छ’ ही आमची पहिल्या दिवसाची चौकट त्यामुळे थोडी सैल होते, पण मोडत नाही.

११ ऑक्टोबर २०२४

मुख्य मुद्दा आज लिहून काढतो, कारण अहवालाची दिशा त्यावरच ठरणार आहे.

हेलियमने शाखेतला फरक कसा घडतो हे समजायला सोपे आहे. हेलियम जास्त असलेला तारा आपले इंधन लवकर संपवतो, म्हणून आज जो हेलियमयुक्त तारा राक्षसी अवस्थेत पोहोचला आहे त्याचे वस्तुमान त्याच वयाच्या सामान्य ताऱ्यापेक्षा कमी असते. गाभ्यात हेलियम पेटते तेव्हा गाभ्याचे वस्तुमान मात्र दोघांतही सूर्याच्या निम्म्याच्या आसपासच असते, त्यामुळे कमी वस्तुमानाच्या ताऱ्यावर उरलेले हायड्रोजनचे आवरण पातळ राहते. आवरण पातळ, म्हणून तारा अधिक तप्त आणि निळा.

हे खरे असेल, तर एम १३ मध्ये हेलियमचा कमाल चढ एम ३ पेक्षा बराच मोठा हवा. नकाशांवरून २०१८ मध्ये काढलेले कमाल चढ मात्र एम ३ साठी वस्तुमानाच्या सुमारे ०.०४ आणि एम १३ साठी सुमारे ०.०५ आहेत. एवढ्या जवळच्या दोन आकड्यांवरून एकीकडे दोनशेहून अधिक आरआर लायरी आणि दुसरीकडे जेमतेम काही, हे सांगता येणार नाही. शाखेवरच्या ताऱ्यांवरूनच हेलियम काढणाऱ्या अभ्यासांत दोन गुच्छांतला फरक याहून मोठा येतो, आणि दोन पद्धतींमधली ही फारकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

माझे मत असे झाले आहे की ‘कमाल चढ’ हा आकडाच या प्रश्नासाठी अपुरा आहे. कमाल चढ ही टोकाच्या मूठभर ताऱ्यांची गोष्ट झाली, तर शाखेचा आकार सगळ्या ताऱ्यांच्या वाटणीवर ठरतो. एम १३ मध्ये पहिली पिढी थोडी, आणि नकाशात दुसऱ्या पिढीचा भार टोकाच्या घडणीकडे झुकलेला. एम ३ मध्ये मधल्या घडणीचे तारे जास्त. पण इथेही हिशेब पुरा होत नाही. एम १३ मध्ये १८ टक्के पहिली पिढी आहे, तिच्यात हेलियम वाढलेला नाही, मग तिचे तारे शाखेच्या तांबड्या भागात किंवा आरआर लायरींच्या जागेत का दिसत नाहीत? एम ३ च्या पहिल्या पिढीसारखेच जर ते तारे असतील, तर त्यांनी राक्षसी अवस्थेत अधिक वस्तुमान गमावले, असे मानण्यावाचून गत्यंतर दिसत नाही. हे वस्तुमान का गमावले, ते रंगांतून कळत नाही.

२९ ऑक्टोबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एम १३ च्या निळ्या शाखेचा यू मधला आलेख पूर्ण केला. शाखा सुमारे ११,५०० केल्विनच्या पलीकडे गेली की यू मध्ये तारे अपेक्षित रेषेपेक्षा एकदम उजळ होतात. ग्रुन्डाल आणि सहकाऱ्यांनी स्ट्रोमग्रेन या अरुंद पट्ट्यांच्या फिल्टरांच्या साहाय्याने एम १३ मध्ये ही उडी १९९८ मध्ये दाखवली आणि पुढच्याच वर्षी ती अनेक गुच्छांत एकाच तापमानाला येते हे दाखवून दिले. त्या तापमानाला ताऱ्याचे वातावरण शांत होते, हेलियम खाली बसते आणि प्रारणाच्या दाबाने लोहासारखी मूलद्रव्ये वर उचलली जातात. म्हणजे इतक्या तप्त ताऱ्यांच्या पृष्ठभागावरची घडण जन्मतःची नसते. त्यांच्या रंगांवरून मूळ हेलियम काढणे टाळायचे, आणि शाखेवरच्या तुलनेत या उडीपलीकडचे तारे फक्त संख्येसाठी धरायचे, असे ठरवले. एम ३ मध्ये शाखेवर इतक्या दूरवर जाणारे तारे थोडेच असल्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

१८ नोव्हेंबर २०२४

शाखेवरच्या फरकाचे पडसाद पुढच्या अवस्थेतही उमटतात हे दाखवणारा, याच जोडीवरचा एक अभ्यास आज वाचला. चेन, फेरारो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हबलच्या अतिनीलजवळच्या प्रतिमांवरून दोन्ही गुच्छांतल्या मिळून सातशेहून अधिक श्वेत बटूंची (ताऱ्यांच्या आयुष्याच्या शेवटी उरणाऱ्या गाभ्यांची) तुलना केली. एम ३ मधले श्वेत बटू अपेक्षेप्रमाणे निवतात, एम १३ मध्ये मात्र तेजस्वी श्वेत बटूंची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, आणि सुमारे ७० टक्के बटूंवर हायड्रोजनचे पातळ आवरण अजून जळत असून त्यामुळे ते सावकाश निवतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. शाखेच्या अगदी निळ्या टोकाचे हलके तारे राक्षसी अवस्थेच्या दुसऱ्या फेरीत आपले हायड्रोजन खोलवर ढवळून टाकत नाहीत, म्हणून ते शिल्लक राहते.

आमच्या प्रकल्पाला याचा थेट उपयोग आहे. हलक्या ताऱ्यांचा हा वाटा शाखेच्या रंगांवरून काढता येतो आणि श्वेत बटूंच्या संख्येवरूनही. दुसऱ्या मोजणीला पृष्ठभागावरच्या घडणीचा अडथळा येत नाही. श्वेत बटू अतिमंद असल्यामुळे त्यांच्या मोजणीची पूर्णता आम्ही स्वतः तपासू शकत नाही, म्हणून प्रसिद्ध आकडेच वापरायचे.

५ डिसेंबर २०२४

दोन पिढ्या गुच्छात कुठे पसरल्या आहेत हे पाहण्यासाठी हबलचा गाभा आणि जमिनीवरचा बाहेरचा भाग जोडला. जोडणीसाठी दोन्ही सूचींत असलेले, गर्दीबाहेरचे राक्षसी तारे वापरले आणि संयुक्त रंगांकाच्या मापावर दोन्ही पिढ्यांच्या सीमा नकाशावरून आणल्या. बाहेरच्या भागात पट्टा दुभंगत नसल्यामुळे प्रत्येक ताऱ्याला एकाच पिढीत टाकण्याऐवजी दोन्हींच्या शक्यता दिल्या.

एम ३ मध्ये दुसरी पिढी केंद्राकडे अधिक दाटलेली दिसते. एम १३ मध्ये दोन्ही पिढ्या केंद्रापासून बाहेरपर्यंत जवळपास सारख्याच मिसळलेल्या आहेत, आणि २०१८ मध्ये स्ट्रोमग्रेन फिल्टरांनी केलेल्या कामाचाही निष्कर्ष तोच होता. ताऱ्यांच्या परस्पर ओढाताणीत जुनी मांडणी पुसली जायला लागणारा काळ एम १३ साठी सुमारे २ अब्ज वर्षे आणि एम ३ साठी सुमारे ६ अब्ज वर्षे आहे. बारा अब्ज वर्षांत एम १३ हा काळ सहा वेळा जगला आहे, एम ३ जेमतेम दोनदा. म्हणजे मांडणीतला हा फरक जन्माच्या वेळचा असेलच असे नाही.

याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. हबलच्या चौकटीतून काढलेले ३० टक्के हे प्रमाण एम ३ च्या गाभ्याचे आहे. बाहेरच्या भागात पहिल्या पिढीचा वाटा जास्त असल्यामुळे संपूर्ण गुच्छासाठी ते वर सरकेल, तर एम १३ चे १८ टक्के फारसे हलणार नाहीत. दोन गुच्छांतली दरी त्यामुळे रुंदावते, आणि शाखेतल्या फरकाचा थोडा आणखी भाग पिढ्यांच्या प्रमाणावर टाकता येतो. एम ३ च्या आरआर लायरी ताऱ्यांची केंद्रापासूनची वाटणी पहिल्या पिढीच्या वाटणीशी जुळते का, हे पुढच्या आठवड्यात तपासायचे आहे. रूपविकारी ताऱ्यांच्या स्थानांची सूची आजच उतरवून घेतली आहे.